अण्णाच्या गाडीतली घूस

कॉफी गार व्हायच्या आत मीच सांगून टाकतो. नाहीतर आमची वैनी सांगेल, आणि ती तिखटमीठ लावून सांगते. नव्याकोऱ्या गाडीचे दरवाजे उचकटले, स्पीकर बदलले, शेवटी ड्रायव्हरच्या सीटखाली उंदराचा सापळा लावला. हे सगळं करणारा शहाणा मीच. आणि सापळ्यात सापडलं कोण? थांबा, सांगतो.

गाडी माझी नव्हे. माझ्या थोरल्या भावाची, अण्णाची. त्यानं हौसेनं बुक केली, आणि महिन्याच्या आत छातीत कळ येऊन गेला. चार महिने झाले. त्याच्या चपला अजून दारात आहेत, मी रोज पुसून परत तिथेच ठेवतो. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी शोरूममधून फोन आला. अभिनंदन सार, गाडी आली, फोटो काढायला सगळ्या कुटुंबासकट या. मी त्या बाईवर असा ओरडलो की ती रडायला लागली. मग मीही रडलो. शेवटी मीच तिची समजूत घातली, आणि गाडी घेऊन आलो.

अण्णा बँकेत होता. मी आठवीतून पळालेला, कुंभकोणममध्ये पितळेच्या समया आणि घंटा पॉलिश करतो. पण दर एकादशीला आम्ही दोघे मरुदानल्लूरच्या मठात भजनाला जायचो. अण्णा मधे बसून अभंगाची एकेक ओळ म्हणायचा आणि बाकी सगळे ती उचलायचे. तो वैनीला म्हणायचा, गाडी येऊ दे, तुला ऐटीत मरुदानल्लूरला नेतो, आणि वाटेत माझंच गाणं लावतो.

त्याच्या आवाजाचं रेकॉर्डिंग एकच आहे. शेवटच्या भजनाच्या दिवशी मी सहज फोन चालू करून सदऱ्याच्या खिशात टाकला होता, ते. वैनीनं ते फोनवर ऐकायला नकार दिला. म्हणाली, गाडीत ऐकीन, तो म्हणाला होता तसं. मी तरी कुठे ऐकलं होतं? अण्णाची पहिली ओळ सुरू झाली की माझा अंगठा आपोआप बंदच्या बटणावर जायचा.

पुढच्या एकादशीला न्यायचं असं मी वैनीला वचन दिलं, आणि आधी एकट्यानं ऐकून बघावं म्हणून मेलकावेरीत एका चिंचेखाली गाडी लावली. चपला काढल्या. हो, अण्णाच्या गाडीत मी अनवाणीच बसतो, हसू नका. आवाज पूर्ण मोठा केला.

अण्णाची पहिली ओळ आली. अंगावर काटा आला. जणू बाजूच्या सीटवर बसून गातोय. मी स्टिअरिंगला घट्ट धरून बसलो, यावेळी बंद करायचं नाही म्हणून. ओळ संपली, बाकीच्यांनी उचलली, आणि गाडीतून आवाज आला: घर्रर्र.

तांब्याच्या हंड्यात बेडूक कोंडावा आणि वर कुणी ताट वाजवावं, तसा. अण्णाची दुसरी ओळ आली, पुन्हा स्वच्छ. लोकांनी उचलली की पुन्हा घर्रर्र. माझं डोकंच फिरलं. माझ्या भावाचा आवाज जगात एवढाच उरलाय, आणि ही डबडी गाडी त्यात घरघर करते?

आता आमच्या धंद्यात घंटेला तडा आहे की नाही हे बोटानं ठोकून कळतं. चांगली घंटा गाते, फुटकी खोकते. त्यामुळे कानाच्या बाबतीत मला कुणी शिकवायचं नाही, असा माझा तोरा. मी शोरूममध्ये गेलो आणि सगळ्यांसमोर बोटानं गाडी ठोकत फिरलो. बॉनेट, छप्पर, चारही दरवाजे. मग जाहीर केलं की मागच्या डाव्या दरवाज्याला तडा गेलाय.

तिथल्या माणसानं सिनेमाचं गाणं लावलं. खणखणीत वाजलं. तो म्हणाला, सार, स्पीकर उत्तम आहेत. मी म्हणालो, सिनेमाची गाणी काय, फुटक्या बादलीतूनही छान वाजतात, माझ्या अण्णाचं वाजवून दाखव. त्यानं दोन ओळी ऐकल्या. मग फार हळू आवाजात विचारलं, सार, गाडीत कुठलं जनावर नेलं होतं का?

मी तिथून तडक निघालो, ते मुरुगेसनच्या दुकानात. हा गाड्यांना स्पीकर बसवतो, लग्नाच्या मांडवातले भोंगेही त्याचेच. मला तो तंबी म्हणतो, म्हणजे धाकटा भाऊ. त्याला मी हातही धुऊ दिले नाहीत. दरवाज्यांची आतली आवरणं काढायला मी स्वतःच लागलो आणि दोन खटके मोडले. नवे स्पीकर बसले. फरक पडला का? पडला की. आधी बेडूक हंड्यात होता, आता हंड्याबाहेर आला. अगदी स्पष्ट.

ताकद कमी पडते म्हणालो. मुरुगेसननं त्याहून मोठे स्पीकर बसवले आणि मागच्या डिकीत एक अ‍ॅम्प्लिफायर ठेवला. आता बेडूक चारही कोपऱ्यांतून ओरडू लागला. बाहेर बांधलेली शेळी दोर तोडून गेली.

मुरुगेसननं डोळे मिटून पुन्हा पुन्हा ऐकलं. मग म्हणाला, "तंबी, हा मशीनचा आवाज नाही. हा मधेमधे श्वास घेतो."

"म्हणजे?"

"म्हणजे जिवंत आहे. मोठ्या आवाजानं बिथरतंय. घूस असणार."

तुम्हाला वाटेल, एवढं कोण मूर्ख असतं? अहो, पटलं मला. अण्णा एकटा गातो तेव्हा ती शांत असते, गलका झाला की घाबरते, किती सरळ हिशेब. मी सीटखाली खटक्याचा सापळा लावला आणि त्याला गरम उडदाचा वडा अडकवला. तीन दिवस रोज नवा वडा. घूस काही आली नाही, पण गाडीला असा वास लागला की सिग्नलला थांबलो तर लोक काचेतून वाकून बघायचे.

एकादशी आली. वैनी बाहेर निघाली तेव्हा तिनं अण्णाला आवडणारी निळी साडी नेसली होती. गाडीत माझ्या शेजारी बसली, नाक वर केलं आणि काच खाली केली. मी तिला सगळं सांगून टाकलं. वैनी, गाडीत घूस आहे, मधेमधे घरघर करेल, तू फक्त अण्णाच्या ओळी ऐक. तिनं मान हलवली. पदर मुठीत गच्च धरला होता.

वाटेत साक्कोट्टैच्या अलीकडे मी गाणं लावलं.

अण्णाची ओळ आली. वैनीनं डोळे मिटले. मग मी तिच्याकडे बघितलंच नाही, बघवेना. मनात एकच, या एका बाईला तरी तो नीट ऐकू येऊ दे. ओळ संपली. आणि घर्रर्र.

माझा संयम सुटला. गाडी कडेला घेऊन मी करकचून ब्रेक दाबला, आणि दार उघडायला म्हणून अनवाणी पाय मागे ओढला. ब्रेकच्या हिसक्यानं सापळा सीटखालून पुढे सरकला होता. खट्ट.

अंगठा. उजव्या पायाचा.

मी किंचाळलो, आणि माझी किंचाळी आणि स्पीकरमधली घरघर एकदमच आली. एकाच पट्टीत. वैनीनं डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं, स्पीकरकडे बघितलं, पुन्हा माझ्याकडे.

"रघू," ती म्हणाली, "ज्याच्यासाठी सापळा लावलास, तोच सापडला रे."

"कोण?"

"ते तू गातोयस."

मी म्हणालो शक्यच नाही. तिनं गाणं मागे नेऊन पुन्हा लावलं. फोन माझ्या खिशात, खिसा माझ्या छातीवर, हातात माझे टाळ. पन्नास माणसं मागे आणि मी सगळ्यांच्या पुढे. घर्रर्र. मधेमधे श्वास घेत.

"पण मला कुणीच कधी काही कसं बोललं नाही?"

"अण्णा तुला नेहमी समईजवळ का बसवायचा?"

तो माझा मान होता, असं मला पंधरा वर्षं वाटत आलं. अण्णा ओळ संपवत आला की माझ्याकडे बघून बोट वर करायचा. म्हणजे ऊठ, समईत तेल घाल. मी उठायचो, तेल घालायचो, परत येऊन बसेपर्यंत सगळ्यांची ओळ म्हणून झालेली. मला वाटायचं, दिव्याची केवढी काळजी या माणसाला. त्या शेवटच्या दिवशी तेलाची बुधली रिकामी होती. तेवढा एकच दिवस मी पोटभर गायलो.

वैनी हसायला लागली. अण्णा गेल्यापासून पहिल्यांदा. हसता हसता रडली, रडता रडता तिनं माझा अंगठा सोडवला, आणि सापळ्यातला वडा काढून रस्त्यावरच्या कुत्र्याला घातला.

मी मुरुगेसनकडे जाऊन विचारलं, माझा आवाज काढून टाकता येईल का. त्यानं खूप खटपट केली. म्हणाला, तंबी, सगळ्यांच्या ओळीत तुझा अण्णाही गातोय, दोघे एकात एक मिसळलेत, तिथून तुला काढलं तर तोही जाईल. वैनी म्हणाली, मग राहू दे.

तेव्हापासून दर एकादशीला आम्ही तेच गाणं लावून मरुदानल्लूरला जातो. अण्णा गातो, मलाही गावंसं वाटतं, तोंड उघडतं. ओळ संपत आली की वैनी रस्त्याकडे बघतच एक बोट वर करते. गाडीत समई नाही, तेलही नाही. पण खूण अण्णाची, म्हणून मी गप्प बसतो.

आणि चारही मोठ्या स्पीकरांतून मीच सुरू होतो.