खुडूक कोंबडीची अंडी आणि शिरोळचे पावणे

अंड्याच्या पोटात काय असतं, हे मला लग्नाआधीपासून ठाऊक होतं. (शिकले चौथीपर्यंत. पुस्तकात अंडं नव्हतं, पण तो दोष पुस्तकाचा.)

माझ्या नणंदेला, शालनला, बघायला शिरोळचे पावणे यायचे होते. आधीची स्थळं परत गेलेली, म्हणून सासूबाईंनी बजावलं होतं, जेवणात खोट निघता कामा नये. नेमकं मटणाचं दुकान बंद. अंड्याचा रस्सा ठरला.

खुडूक कोंबडीखाली बसवलेल्या अंड्यांवर आम्ही कोळशाचा ठिपका देत असू. ठिपक्याची उबवायची, बिनठिपक्याची खायची. पण कोंबडी दाणे टिपायला गेली आणि शालननं घराबरोबर अंडीही घासून काढली! सगळी एकाच बुट्टीत.

"वैनी, पावण्यांना काळं डाग दिसलं असतं की."

मी म्हटलं, घाबरू नकोस, उजेडावर धरलं की आतलं दिसतं. भर दुपारी अंधार फक्त देवघरात. बॅटरी घेऊन तिथं शिरले. काही अंड्यांतून उजेड आरपार जात होता. काही आतून गच्च काळी, फक्त रुंद टोकाला पोकळी. मी अक्कल चालवली: आरपार दिसतं ते रिकामं, गच्च भरलंय ते सकस!

"भवाने, देवापुढं अंडी?" सासूबाईंनी बॅटरीसकट मला बाहेर काढलं.

मग 'रिकामी' अंडी मी खुराड्यात कोंबडीखाली ठेवली आणि 'सकस' चुलीपाशी आणली. पावणे बाहेरच्या सोप्यात बसले होते, तिथून चूल समोर दिसायची. रस्सा उकळला. आता अंडी फोडून त्यात सोडायची. पळीनं एकावर टकटक केलं, तर चिवचिव ऐकू आली. वाटलं, कौलात चिमणी असेल. पुन्हा टकटक केलं. अंड्यानं पुन्हा ओ दिली.

मुलाचे वडील उठून आले, अंडं कानाला लावलं आणि शांतपणे म्हणाले, "पोरी, रश्श्यात सोडायच्या आधी त्याला इचार तरी, चालतंय का न्हाय."

मी ती बुट्टी उचलून खुराड्याकडे पळाले. पिल्लांची अंडी कोंबडीनं पोटाखाली ओढून घेतली, पण खायची परत मागितली तर हात टोचून रक्तबंबाळ केला. पावण्यांना नुसता रस्सा वाढला. परसात शालन रडत होती, हेही स्थळ गेलं म्हणून. सासूबाई माझ्याकडे बघतही नव्हत्या.

पण मुलगा हसून हसून ठसका लागेपर्यंत जेवला आणि जातानाच होकार मिळाला. देण्याघेण्याचं त्यांनी काही मागितलं नाही. एकच अट घातली: लग्नाच्या दिवशी वैनीला चुलीपाशी बसवायचं न्हाय.