चिमटीचं नख

आमच्या वस्तीत तिला कोणी नावाने हाक मारत नाही. तुझं-काय मावशी म्हणतात, तेही पाठीमागे. तोंडावर म्हणायची छाती कोणाची? कोणीही दारात आलं की ती आधी चौकटीला आडवा हात लावते, माणसाला चपलेपासून टाळूपर्यंत न्याहाळते आणि विचारते, "ते सगळं ठीक आहे, पण ह्यात तुझं काय?" फुकट साबण वाटणारा असो, मतं मागणारा असो, की उसनी साखर परत करायला आलेली शेजारीण असो. शेजारणीने साखर जास्त आणली असेल तर विचारायलाच नको.

मी पत्र्याच्या खोलीत कामकरी पोरांसाठी संध्याकाळचा वर्ग काढला तेव्हा मलाही विचारलं होतं. मी शिक्षण, हक्क, उद्याची पिढी, सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हे पोरांचं झालं. तुझं काय ते राहिलंच की."

हा स्वभाव तिने हौसेने घेतलेला नाही. एक गोड बोलणारा माणूस दूरच्या कामावर नेतो म्हणून तिच्या नवऱ्याला घेऊन गेला. नवरा परत आला नाही. गोड बोलणारा मात्र पुढच्या वर्षी आला, आणखी माणसं न्यायला. मावशीने त्याला लसणाच्या टरफलांची पाटी डोक्यावर उपडी करून परत पाठवला. तेव्हापासून गोड बोलणं ऐकलं की तिच्या कपाळावर आठी पडते.

तिचा धंदा लसूण सोलायचा. व्यापारी सकाळी पोतं टाकून जातो, संध्याकाळी सोललेला माल उचलतो आणि खानावळींना पुरवतो. भिजवून सोललेला त्याला चालत नाही, लवकर कुजतो. सुरीने सोललेलाही नाही, पातं लागलं तिथे पाकळी डागाळते. राहिलं काय? अंगठ्याचं नख. पाकळीच्या बुडाशी नख घालायचं, साल उचलायची, एका झटक्यात पाकळी मोकळी. मावशीच्या अंगठ्याला मागे नखुरडं झालं, लसणाच्या रसात चिघळत राहिलं आणि नख गळून गेलं. परत आलं ते जाड, वाकडं, बिनकामाचं. आता घर चालतं ते तेरा वर्षांच्या पोरीच्या नखावर. पोरीला सगळे चिमटी म्हणतात. चिमटी ते नख दगडावर घासते, तेल लावते, झोपताना मूठ मिटून झोपते.

माय-लेकींचा ठराव असा होता की लसणाची पाटी संपली तर वर्गाला जायचं, नाही संपली तर तोंड वर करून विचारायचं नाही. चिमटीने पाटी कधी उरवली नाही. लसणाचा वास घेऊन ती सगळ्यांच्या आधी दारात उभी. नुकतीच वाचायला लागली होती, म्हणून रस्त्यातल्या दुकानांच्या पाट्या ओरडून वाचत घरी जायची. न्हावी तिला बघितलं की म्हणायचा, "आली आमची जाहिरात."

अशात परदेशातून शाळकरी पोरांची टोळी आली. सेवा करायला. सगळ्यांचे टी-शर्ट एकाच निळ्या रंगाचे. बरोबर घसा बसलेली एक दुभाषी, आणि म्होरक्या म्हणून चाळिशीचा एक माणूस, गळ्यात शिट्टी. शिट्टी वाजली की पोरं जेवायची, शिट्टी वाजली की दया करायची. आमच्या पोरांनी त्याचं बारसं पहिल्याच दिवशी केलं: शिट्टीवाला. टोळीतली सर्वांत उंच पोरगी झाली जिराफ.

मी काही भाळले नाही. अशी मंडळी मी पुष्कळ पाहिलीत. आमच्या पोरांना मांडीवर घेतात, फोटो काढतात आणि विमानात बसतात. म्हणून मी आधीच दम दिला होता की फोटो काढलात तर फोन गटारात जाईल. एक दिवस त्यांनी माझ्या वर्गात स्वच्छतेचा कार्यक्रम ठेवला. हात धुणं, दात घासणं, नखं कापणं. मी दाराशी उभी राहून फोनवर डोळा ठेवला. नेलकटरवर कोण डोळा ठेवतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चूळ भरत होते तर मावशी चिमटीला दंडाला धरून दारात हजर. तिने पोरीचा अंगठा माझ्या नाकासमोर धरला.

"बघ. तुझ्या पाव्हण्यांनी काय सेवा केली ती बघ."

नख मुळापर्यंत कापलेलं. वरून कसलंतरी वासाचं क्रीम चोळलेलं.

"अगं, तू सांगायचं नाहीस का?" मी चिमटीवर ओरडले.

"मी नको म्हटलं होतं ताई. त्या जिराफला कळलं नाही. आणि तिने हात इतका मऊ धरला होता की मला ओढून घेववेना."

"ऐक!" मावशी म्हणाली. "मऊ म्हणे! ताई, तो व्यापारी कधीपासून यंत्र आणतो, यंत्र आणतो करून आम्हाला घाबरवतोय. आणि नेमकी आत्ताच सगळ्या सोलणाऱ्या पोरांची नखं जातात? हे आपोआप झालं? शिट्टीवाला व्यापाऱ्यासारख्याच पांढऱ्या गाडीतून उतरतो."

"मावशी, त्यांची गाडी भाड्याची आहे."

"गाडी भाड्याची असते तसा माणूसही भाड्याचा असतो."

मला हसता आलं नाही. खरं सांगायचं तर मलाही संशयाचा वास यायला लागला होता.

"तर आता वर्ग बंद," ती म्हणाली. "नख येईपर्यंत हिला दुप्पट वेळ बसावं लागेल, तेव्हा कुठे पाटी संपेल."

"नख यायला महिना जाईल मावशी!"

"मग महिनाभर बंद."

महिनाभर सुटलेलं पोर वर्गात परत येत नाही, हे मला कोणी शिकवायला नको. चिमटी अंगठा मुठीत लपवून उभी राहिली.

दुपार कलताना टोळी मुक्कामावर परतली तशी मी तडक तिथे गेले आणि जिराफला दुभाषीसकट उचलून मावशीच्या खोलीवर आणलं. खोली ती केवढी! एक बाज, एक चूल, मध्ये लसणाचा ढीग, पंखा बंद, कारण पंख्याने टरफलं उडतात. चिमटी खाली मान घालून दातांनी साली ओढत होती. मावशीने चौकटीला हात लावला. जिराफला बघायला तिला मान वर करावी लागली, त्याचाही तिला राग आला.

"तुम्हाला व्यापाऱ्याने पाठवलं का, विचार हिला."

दुभाषीने विचारलं. जिराफ गोंधळली. "कोणता व्यापारी, म्हणतेय. स्वच्छतेचा दिवस कार्यक्रमातच होता. जातील तिथे असतो."

"मग हिची का नाही कापली कोणी?" मावशीने बोट दाखवलं. जिराफची नखं लांब, निळी, टी-शर्टला शोभतील अशी. ते माझ्याही ध्यानात आलं नव्हतं. जिराफने हात पाठीमागे नेले.

"बरं, आता एवढंच विचार. एवढ्या लांबून आली, ह्यात तिचं काय?"

मला वाटलं, आता प्रेम, माणुसकी, जग एक कुटुंब, हे सगळं येणार. पोरीने पाठीमागचे हात पुढे घेतले. मग हळू काहीतरी बोलली.

"म्हणतेय, सर्टिफिकेट मिळतं. चांगल्या कॉलेजात जायला उपयोगी पडतं. आईने पाठवलं."

मावशीचा चौकटीवरचा हात खाली आला. इतक्या वर्षांत तिला पहिल्यांदा कोणी सरळ उत्तर दिलं होतं.

"ये आत," ती म्हणाली. "नखं आहेत ना? बस."

जिराफ बसली. गुडघे कानाशी आले. पहिली पाकळी सोलायला तिला इतका वेळ लागला की दुभाषी जांभई देऊन मोकळी झाली. डोळ्यांतून पाणी, नखांचा निळा रंग पाकळीवर. मावशीने ती पाकळी उजेडात धरली, पुसली आणि म्हणाली, "चहात साखर विरघळते त्यापेक्षा हळू. पण चालेल." मग चिमटीकडे न बघता, "तू काय बघत बसलीस? वर्गाची वेळ होत आली ना?" चिमटी चप्पल न घालता पळाली.

दुसऱ्या संध्याकाळी जिराफबरोबर आणखी दोघी आल्या. आणि मागोमाग शिट्टी. शिट्टीवाला दारात लालबुंद. दुभाषी भाषांतर करायला कचरत होती.

"बोल की," मी म्हटलं.

"ते म्हणतात, हे चालणार नाही. ह्या मुली अल्पवयीन आहेत. पंधरा वर्षांच्या मुलींना कामाला बसवता येत नाही. नियम आहे. विमा आहे. सर्टिफिकेट रद्द होईल."

माझं डोकं सणकलं. मी काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही, आणि दुभाषीने त्यातलं निम्मंही सांगितलं नसणार. तेरा वर्षांची चिमटी पाटीशी बसली होती, तिला बघायला म्हणून विमानाने येतात, आणि आपली पंधराची बसली की नियम!

मावशी मात्र चिडली नाही. ती जिराफला म्हणाली, "ऊठ बाई. तुझा कागद जाईल." मग शिट्टीवाल्याकडे वळली. "पंधराची बसत नाही म्हणता. बरोबर आहे. मग माझी तेराची पण बसत नाही. तुमचं वय काय?"

दुभाषीने विचारलं. तो चक्रावून म्हणाला, "त्रेचाळीस."

"मग तुम्ही बसा."

 बाहेर शेजारणी जमल्या होत्या, न्हावी वस्तरा घेऊन तसाच आला होता. जिराफने फोन काढला आणि आपल्याच म्होरक्यावर धरला. ह्या फोटोला मी हरकत घेतली नाही. शिट्टीवाल्याने फोनकडे पाहिलं, लोकांकडे पाहिलं, गुडघ्यावर हात टेकून खाली बसला. शिट्टी पोटावर लोंबत होती, ती त्याने पाठीवर टाकली.

"चिमटे, नीघ," मावशी म्हणाली.

टोळी परत जाईपर्यंत वर्गाच्या वेळेला तो रोज बसला. मावशी त्याच्यासमोर बसून त्याच्या हातांवर नजर ठेवायची, उठला की जागेवरची टरफलं चाळायची. तोवर चिमटीच्या नखाने डोकं वर काढलं होतं. टोळी गेल्यावर वर्गाच्या वेळेला मावशी स्वतःच वाकड्या नखाने पाटीशी बसू लागली. चिमटीचा एकही दिवस बुडला नाही.

पण मावशीला चैन नाही. परवा तिने मला रस्त्यात गाठलं.

"ताई, त्या शिट्टीवाल्याला कागद मिळतो का गं कॉलेजचा?"

"त्याला कशाला मिळेल? तो काय शिकतोय?"

"व्यापाऱ्यानेही काही दिलं नसेल?"

"नाही गं बाई."

"मग रोज रोज बसला कशाला?" तिच्या कपाळावर आठी पडली. "लक्ष ठेव तू. काहीतरी असणार."

पलीकडून चिमटी न्हाव्याची पाटी ओरडून वाचत येत होती.