यंदा कोरडं कोण?

कोणतं नाटक नामांकनात येणार हे सांगणारे रोह्यात पैशाला पासरी मिळतात. कोणतं कोरडं राहणार हे सांगणारी मी एकटी. जिल्ह्याची हौशी नाट्यस्पर्धा दर हिवाळ्यात आमच्याकडे होते आणि शेवटच्या संध्याकाळी, बक्षिसांच्या आधी, प्रत्येक विभागाची नामांकनं वाचून दाखवतात. त्याआधी लोक मला चहाच्या टपरीवर गाठतात. "वहिनी, यंदा कोरडं कोण?" मी सांगते. माझं सहसा चुकत नाही, आणि गोड बोलून सांगायची सवय मला नाही.

यात विद्या वगैरे काही नाही. लेखक, दिग्दर्शक आणि नायक एकच माणूस असला की ते नाटक गेलं. परीक्षक मुंबईहून येतात, वाटेत वडखळला मासे हाणतात आणि ट्रॅफिकला शिव्या घालत पोचतात. त्यांच्या वाट्याला आलेलं पहिलं नाटक गेलं, कारण ते त्यांनी पेंगत पाहिलेलं असतं. रंगमंचावर खरे पोहे खाल्ले, गेलं. आणि शेवटी सगळे नट मेणबत्त्या घेऊन प्रेक्षकांत उतरायला लागले की मी चपला शोधायला लागते. एका दिग्दर्शकाने माझ्याशी बोलणं टाकलंय. नाटक टाकलं असतं तर गावावर उपकार झाले असते.

माझं माहेर पेणचं. थोरला भाऊ तिथल्या एका गणपतीच्या कारखान्यात डोळे आखतो. म्हणजे आखायचा. मूर्ती घडवणारे वेगळे, घासणारे वेगळे, रंगवणारे वेगळे. डोळ्यांची आखणी मात्र त्याच्याच हाताची. मोठे, शांत डोळे, समोरच्याला आधीच माफ करून टाकलेले. त्या मूर्ती मुंबईला गेल्या, परदेशी गेल्या. खोक्यावर नाव कारखान्याचं. डोळे कोणी काढले हे कधी कोणी विचारलं नाही आणि ते त्याला फार सलायचं. वडिलांच्या श्राद्धाला पानावर बसलेला असताना एकदम म्हणाला, "माझं नाव एकदा माइकवरून ऐकायचंय गो. मग मेलो तरी चालंल."

त्यासाठीच त्याने पेणच्या नाटकवाल्यांची रंगभूषा धरली होती. रंगभूषेला नामांकन असतं, आणि नामांकनात नाव पूर्ण वाचतात.

घोळ असा, की तो नटांनाही गणपतीचे डोळे आखायचा. दुसरे त्याला येतच नव्हते. सासू, फौजदार, दारुडा, सगळे प्रसन्न. दोन वर्षांपूर्वीच्या नाटकात नवरा बायकोचा गळा दाबायला पुढे आला, तेव्हा माझ्या पुढच्या रांगेतल्या बाईने नकळत हात जोडले. मी पोट दुखेपर्यंत हसले.

मध्यंतरात तो बाहेर आला. बोटांना रंग तसाच. "सांग, येईल का नाव?"

"नाय येणार. त्या खुन्याच्या हातात मोदक द्यायचा तेवढा राहिलाय."

"बाकीचे तर चांगलं म्हणतात."

"ते म्हणतात म्हणूनच तू सुधारत नाहीस."

नाव आलं नाही. माझ्याकडे जेवायला न थांबता तो तसाच पेणची गाडी पकडायला स्टेशनवर गेला. मला रागच आला. विचारायचं यानेच आणि खरं सांगितलं की तोंड पाडायचं यानेच.

मला वाटलं, आता हे खूळ जाईल. उलटंच झालं. कारखाना सुटला की तो पेणच्या एसटी स्टँडवर जाऊन बसायला लागला. गडबहून भाजी घेऊन आलेल्या बायका, कंपनीतून शिफ्ट संपवून आलेली पोरं, मुलीला सासरी पोचवून परतणारे बाप. पापणी कुठे जड होते, डोळ्याखालचं कातडं कुठे ओघळतं, एवढंच बघत बसायचं. त्याची बायको फोनवर रडकुंडीला यायची. "वन्सं, हे माझ्या तोंडासमोर दिवा धरून बसतात. म्हणतात, हलू नको, तू दमलेली हायस ना, तशीच रहा."

पुढच्या हिवाळ्यात पेणकरांचं नाटक एका म्हातारीवर होतं. काम करणारी पोरगी पतपेढीतली, लग्नासाठी स्थळं बघणं चालू असलेली. पडदा उघडला आणि मी तिला ओळखलं नाही. जन्मभर कोणाची तरी वाट बघून कंटाळलेली बाई समोर बाकावर बसली होती. मला आई आठवली. भर हॉलमध्ये मी पदराने डोळे पुसले, आणि पुसता पुसताच कळलं, की हा यंदाही गेला.

मध्यंतरात आलाच. तोंडावर आनंद मावत नव्हता. "सांग आता."

"नाय."

"काय चुकलं?"

"काय चुकलं नाय, म्हणूनच नाय. तू रंग लावलायस हे कळतच नाय कोणाला."

"तुला बरं वाटतं का गो, मला असं सांगून?"

बरं वाटत नव्हतं. पण ते बोलून दाखवलं असतं तर त्याने नाव येण्याची आशा धरली असती, म्हणून मी चहा मागवला.

शेवटच्या संध्याकाळी नामांकनं वाचली. रंगभूषेत पहिलं नाव पौराणिक नाटकाचं, दुसरं भुताच्या नाटकाचं, तिसरं कोणाचं ते मी ऐकलंच नाही. मग परीक्षक मार्गदर्शन करायला उठले. "काही संघांनी रंगभूषेचे कष्टच घेतलेले नाहीत," म्हणाले. "म्हातारीच्या भूमिकेला वयस्कर बाई उभी केली की जबाबदारी संपत नाही." पतपेढीतली पोरगी आमच्या मागेच जीन्स घालून बसली होती. लोक हसायला लागले. ही बघा तुमची म्हातारी, असं सांगायला मी उठणार होते. भावाने मला हाताला धरून बसवलं. "जाऊ दे. त्यांना खरी वाटली ना." त्या परीक्षकाचा पुढचा जन्म वडखळच्या ट्रॅफिकमध्ये जावो.

तो पुन्हा आपल्या मूर्तींकडे वळला. पण हात वळला नाही. मालकांनी वाळत ठेवलेली पहिली रांग पाहिली आणि विचारलं, "बाप्पा असा काय बघतो? घरात कोण आजारी हाय काय?" भावाने मूर्तीचे डोळे पुसले, परत आखले. परत तीच एसटी स्टँडवरची नजर. शांत, माफ केलेला डोळा काही केल्या उतरेना. मालक माणूस वाईट नाही, पण गिऱ्हाईक देव घ्यायला येतं, दमलेला माणूस घ्यायला नाही. ब्रश दुसऱ्याकडे गेला आणि भावाला मागच्या पडवीत कच्च्या मूर्ती पॉलिश पेपरने घासायला बसवलं. त्याने आखलेल्या मूर्तींचे डोळे नव्या हाताने पुन्हा रंगवले. एक तेवढी कोपऱ्यात राहून गेली होती, ती मी हट्टाने मागून रोह्याला आणली.

गणपतीत भाऊ आमच्याकडे आला. दर्शनाला येणारे मूर्तीला हात जोडायचे आणि पटकन आरासीकडे बघायचे. आरासीचं कौतुक करायचे. आत्येसासूबाई मात्र समोर उभ्याच राहिल्या. या बाईने माझ्या घरात कधी कशाला चांगलं म्हटलेलं नाही. बराच वेळ मूर्तीकडे बघून त्यांनी मला विचारलं, "हे डोळे कोणी आखलेत गो?"

मी भावाकडे बघितलं.

भिंतीला टेकून बसलेल्या भावाने मोदकाची ताटली खाली ठेवली. तो उठून उभा राहिला, शर्ट खाली ओढला आणि आपलं पूर्ण नाव सांगितलं. स्वतःचं, वडिलांचं, आडनाव, मुक्काम पेण. सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं, सावकाश.

"बरं," आत्येसासूबाई मला म्हणाल्या, "पुढच्या वर्षी दुसऱ्या कोणाकडनं आखून घे."