गाळ्यात राहणाऱ्या बाई

"हात मागे!" असं म्हणून बाई खुर्चीचा ब्रेक खटकन ओढायच्या. न विचारता कुणी मागून चाकाच्या खुर्चीला हात लावला की हे ठरलेलं. तुम्हीही लावला असता. आपल्याला वाटतं, मदत केली. त्यांना वाटायचं, कुणी खांदा धरून ढकललं.

मी त्यांच्याकडे स्वयंपाकाला होते. स्वारगेटच्या मागच्या गल्लीत, तळमजल्यावर भाड्याच्या दोन खोल्या. बाई जवळच्याच एका ऑफिसात टेलिफोनवर बसायच्या. लहानपणी पोलिओ झालेला, पाय नुसते लोंबायचे. दंड मात्र पैलवानाचे. स्वभावानं गोड वगैरे अजिबात नव्हत्या. भाजीत मीठ कमी पडलं की डबा तसाच परत आणायच्या, मला दाखवायला.

घराच्या दाराला वीतभर उंच दगडी उंबरा आणि बाहेर पायरी. सकाळी शेजारचे दोघे खुर्चीसकट त्यांना उचलून बाहेर ठेवायचे, संध्याकाळी आत. भले लोक होते. पण ते गावाला गेले की बाई दिवसभर घरात. "मी काय गॅसचं सिलिंडर आहे?" म्हणायच्या, तेही हळू. शेजाऱ्यांनी ऐकलं तर उद्या कोण उचलणार?

एकदा उचलताना एकाचा पाय निसटला. बाई खुर्चीसकट आडव्या, कपाळाला खोक. त्यानंतर त्यांनी स्वतःच्या खर्चानं सुताराकडून उंबऱ्यावरून रस्त्यापर्यंत उतरणारी फळी करून घेतली. पहिल्या दिवशी एकट्या बाहेर पडल्या आणि कोपऱ्यावरून कोथिंबीर घेऊन आल्या. घरात कोथिंबीर होती.

मालक वरच राहायचे. त्यांच्या आई दर शुक्रवारी खाली येऊन उंबऱ्याला हळदकुंकू वाहायच्या. आता उंबरा फळीखाली गेला. अकरा महिन्यांचा करार संपायला आला तेव्हा मायलेक दोघं दारात उभे राहिले.

"ही फळी काढा," आई म्हणाल्या. "लक्ष्मीची वाट आहे ती."

"मग येऊ दे की फळीवरून. तुमचं भाडं तसंच येतं."

मालकांनी आवाज चढवला नाही. "हे बघा, फळी काढा आणि खुशाल राहा. उचलायला माणसं आहेतच. नाहीतर महिनाअखेर घर रिकामं करा."

तव्यावरची पोळी करपली तरी मी हलले नाही. दुसरं घर हातात नव्हतं. मला वाटलं, आता ह्या हो म्हणणार.

"करते रिकामं," बाई म्हणाल्या.

ते गेल्यावर मी चिडले. "अहो, जाल कुठे?"

"बाहेर. भांडण तेवढ्यासाठीच होतं, मावशी."

मग घरं बघणं सुरू झालं. पायऱ्या आहेत का, असं फोनवर विचारलं की उत्तर यायचं, "छे, अजिबात नाहीत." जाऊन बघावं तर दोन-तीन असायच्याच. "ह्या होय? ह्या कसल्या पायऱ्या!" चालणाऱ्याला त्या दिसतच नाहीत. कात्रजला एक घर सपाट मिळालं, पण तिथून रोजची रिक्षा परवडणारी नव्हती. महिना सरत आला. बाईंचं जेवण सुटलं. त्या माझ्यावर ओरडायच्या, मीही त्यांच्यावर ओरडायचे.

शेवटी जागा दिली ती गल्लीतल्या कापडवाल्या चाचांनी. गठ्ठे ठेवायचा गाळा, रस्त्याला लागून. हातगाडी थेट आत जावी म्हणून पुढे सिमेंटचा उतार. मागे मोरी-संडास. चाचा संकोचानं म्हणाले, "बेटी, हे काही घर नाही. खिडकीसुद्धा नाही."

बाई खुर्ची चालवत आत गेल्या. बाहेर आल्या. पुन्हा आत गेल्या.

"गठ्ठ्यांसाठी उतार करतात, चाचा," त्या म्हणाल्या. "माणसांसाठी कुणी करत नाही."

खुर्ची जावी म्हणून मोरीचं दार काढून पडदा लावला, आणि बाई तिथे मरेपर्यंत राहिल्या. उन्हाळ्यात गाळ्याची भट्टी व्हायची. मी कटकट करायचे. "खिडकी नाही, गुदमराल एक दिवस." त्या म्हणायच्या, "अख्खी भिंत उघडते की!" आणि आकड्याच्या काठीनं शटर वर सारायच्या.

शटर उघडं दिसलं की सकाळी हमखास कुणीतरी गिऱ्हाईक थांबायचं.

"काय मिळतं हो इथे?"

"काही नाही. मी राहते."

तो माणूस वाकून आतली कॉट, शेगडी, दोरीवरची साडी बघत राहायचा. तोवर बाई त्याला वळसा घालून रस्त्यावरच्या गर्दीत शिरलेल्या असायच्या.