सोनेरी रणगाडा
गणपतीचा दुसरा दिवस, संध्याकाळची आरती. हजर आमच्या अंबरनाथच्या सोसायटीतली पंधरा-वीस माणसं, मंडळाचे खजिनदार, मी आणि कुळगावहून मुद्दाम आलेले माझे मामा. सोनेरी स्प्रेचा वास आला की मला तीच आरती आठवते. त्या वर्षीची सजावट सैनिकांवर होती, म्हणून मी मामांच्या रणगाड्याचं वीतभर मॉडेल केलं होतं. फौजेत असताना हिरवा रणगाडा वाळूत लपावा म्हणून मामांनी ओल्या मातीत हात बुडवून त्याच्यावर सगळीकडे पंजे फिरवले होते. ते ओरखडे मी उल्हासनगरहून आणलेल्या रंगांनी, टाचणीच्या टोकाने, एकेक बोट सुटं दिसेल असे उतरवले होते. मामांना तेच पाहायचं होतं. मखराजवळ गेलो तर रणगाडा वरपासून खालपर्यंत सोनेरी. "ताई, मळका दिसत होता हो," खजिनदार म्हणाले. "बाप्पासमोर तसा कसा ठेवणार? गोल्डन मारला, आता कसा एकदम रिच वाटतोय." मामांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं आणि मला विचारलं, "भाचीबाई, वरात कुठंय?" सगळे हसले, सर्वांत मोठ्याने खजिनदार. मामा मात्र प्रसाद न घेताच निघाले. मी हातातलं तबक आपटलं नाही, एवढंच. तो राग आजही उतरलेला नाही. थिनरची बाटली आणून ठेवली आहे, पण सोनेरी रंगाबरोबर थिनर खालचे पंजेही खाईल. म्हणून रणगाडा कपाटात तसाच आहे, पुसायचा राहिलेला.