मेधाचा कबुतरखाना

मेधा राहते त्या सिंगापुरात कबुतरांना दाणे टाकले तर दंड होतो, आणि ही बाई गेली सहा वर्षं कबुतरांच्या घरापायी वेडी झालेली. तिचा, म्हणजे ती ज्याचा अभ्यास करते तो, कबुतरखाना फ्रान्समधल्या एका खेड्यात आहे. आठशे वर्षांचा, गोल, दगडी. आत भिंतभर खोल जाऊन डावीकडे वळणारे कोनाडे आणि मधल्या खांबाला जोडलेली फिरती शिडी. तिच्यावर चढून गोल फिरत जमीनदाराचा गडी मालकाच्या जेवणासाठी पिल्लं काढायचा. हे सांगताना मेधाचे हात असे फिरतात, की समोरच्याने आपला चहाचा कप सांभाळावा.

पण भिंतीचा खालचा पुरुषभर भाग सपाट होता. जुन्या कबुतरखान्यांत कोनाडे पार जमिनीपासून असतात, तेव्हा हा मुळात टेहळणीचा बुरूज, असं तिकडच्या तज्ज्ञांनी ठरवून टाकलं. मग काय, कबुतरखान्यांना असलेलं कायद्याचं संरक्षण याला नाही, म्हणजे खालची भिंत फोडून कॅफेची दारं काढायला गाव मोकळं! सोमवारी काम सुरू होणार होतं.

शनिवारी सिंगापुरातल्या बिशान भागातल्या आपल्या फ्लॅटमध्ये ती त्या भिंतीचे फोटो मोठे करकरून बघत बसली होती. सांगलीहून आलेले सासरे, श्रीनिवासराव, मागे येऊन उभे राहिले. तीस वर्षं त्यांनी मार्केट यार्डातलं धान्याचं गोदाम सांभाळलेलं. चुन्यात चमकणारे ते कण कसले, असं त्यांनी विचारलं. गारगोटीचे, मेधा म्हणाली. इतकी वर्षं ती तसंच समजत आली होती.

"गारगोटी कसली? काच आहे ती," ते म्हणाले. "उंदराची वाट बुजवताना चुन्यात काच कुटून घालतात. नुसता चुना ते पोखरतात. गोदामात आम्ही हेच करायचो."

मेधा ताडकन उठली. म्हणजे खाली कोनाडे होते! उंदीर अंडी पळवायला लागले, म्हणून मागाहून कुणीतरी ते बुजवले होते. तिने थेट त्या गावच्या मेयरबाईंना फोन लावला आणि फक्त एक जागा उकरून बघा, म्हणून अक्षरशः गळ घातली.

रविवारी व्हिडिओ कॉलवर गवंड्याने छिन्नी लावली. दगड सुटला. त्याचा हात कोपरापर्यंत आत गेला, तिथून डावीकडे वळला आणि मूठभर राखाडी भुगा घेऊन बाहेर आला.

"हे काय गं?" श्रीनिवासरावांनी विचारलं.

"विष्ठा, बाबा. कबुतरांची," मेधा म्हणाली आणि आनंदाने ढसाढसा रडायला लागली.

तिकडे मेयरबाई गवंड्याशी काहीतरी बोलल्या. त्याने ओलं फडकं घेतलं आणि भिंतीवर आखलेल्या दारांच्या खडूच्या रेघा पुसायला सुरुवात केली.