लाल रेघेच्या अलीकडे

ऑफिसात कुणाचा आवाज चढला की ताई फाइलीतून मान वर न काढता म्हणायच्या, "काटा पाहा गा, काटा!" नवा माणूस भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचा. आम्हा जुन्यांना ठाऊक होतं, काटा म्हणजे गाडीच्या डॅशबोर्डवरचा. इंजिनातलं पाणी किती तापलंय ते सांगणारा. ताई निवृत्त होऊन काटोलला गेल्या, तरी टेबलाशी भांडण पेटलं की मी अजून आपोआप गप्प होतो.

नागपुरातल्या सदर भागातल्या आमच्या विमा कचेरीत त्या हेडक्लार्क होत्या. माहेर उमरेडचं, विणकरांचं. घरचे माग केव्हाच थांबले, पण ताणलेला धागा तुटायच्या आधी हात आवरायची सवय अंगात राहिली, असं त्या सांगत. पन्नाशीला बाईंनी एक जुनी छोटी गाडी घेतली, मागची सीट काढून टाकली आणि बुटीबोरीकडच्या मोकळ्या मैदानावर हौशी शर्यतींत उतरल्या. चुन्याने आखलेली वळणं, उडणारा फुफाटा आणि एकेका गाडीने घड्याळाशी धावायचं. मी त्यांचा सहायक, म्हणजे छत्री धरणारा.

मैदान कोरडं हवं म्हणून शर्यती उन्हाळ्यात. आता नागपूरच्या उन्हात माणूस घराबाहेर पडत नाही, तिथे इंजिनाने काय करावं? रांगेत उभ्या उभ्याच काटा चढू लागे आणि शेवटच्या फेरीत धोक्याच्या लाल रेघेला टेके. टेकला की ताई गाडी बाजूला काढत, इंजिन बंद करत आणि दोरीने ओढवून परत येत. बाकीचे गडी तसेच रेटत आणि मग इंजिन जळालं म्हणून कपाळाला हात लावत. "इंजिन वाचलं त पुढची शर्यत हाय," ताई म्हणत. जिंकण्याच्या हावेपुढे एवढा धीर मी दुसऱ्या कुणात पाहिला नाही.

आत्मविश्वास तर असा, की चूकही ऐटीत करत. एका उन्हाळ्यात त्यांनी घरच्या कूलरच्या गवताची ताटी कापली, ओली केली आणि रेडिएटरसमोर बांधली. "अख्खं नागपूर याच्यावर थंड होते, मंग हे एवढंसं इंजिन काहून नाही होणार?" तुम्हीच सांगा, नागपूरकराला हे पटायचं नाही तर कुणाला? मलाही पटलं. दुसऱ्याच फेरीत ओल्या गवतावर धूळ बसून छान लिंपण झालं, हवा कोंडली आणि बॉनेटमधून वाफ निघाली. लोक धावले. ताईंनी कुणाला रेडिएटरच्या झाकणाला हात लावू दिला नाही. गाडी निवेपर्यंत बाभळीखाली बसून डबा खाल्ला आणि हात धुताना एवढंच म्हणाल्या, "गवत चुकलं. खसची ताटी पाहिजे होती."

एक गोष्ट मात्र त्यांना लागली होती. नवरा काटोलचा संत्र्याचा व्यापारी, अबोल माणूस. दोनदा शर्यत बघायला आला आणि दोन्ही वेळा बायको दोरीला बांधून परत आली. "पुरी करशील तवा बोलाव," म्हणाला आणि बस पकडून गेला. थट्टाच ती, पण ताईंच्या मनात रुतून बसली. निवृत्तीच्या आधीच्या उन्हाळ्यात त्या मला म्हणाल्या, "यायले एकदा शेवट दाखवाचा हाय मले. मंग गाडी विकून टाकीन."

त्यांनी रेडिएटर साफ करून घेतला, पंखा हवा तेव्हा चालू करता येईल असं बटण बसवलं. आणि शर्यत पुरी व्हायची वाट न बघता नवऱ्याला बोलावून घेतलं.

शेवटच्या फेरीत मी ओढायची दोरी तयार ठेवून होतो. नवरा शेजारी, हाताची घडी. गाडी आता बाजूला निघेल, मग निघेल, पण ती निघालीच नाही. शेवटचं वळण घेऊन सरळ रेषेपार आली. मी धावत जाऊन खिडकीतून डोकं आत घातलं आणि तोंडावर भट्टीसारखा झोत आला. नागपूरच्या मे महिन्यात बाईंनी हीटर पूर्ण सोडला होता!

"काहून पाहून राहिला असा? इंजिनातलं तापलेलं पाणी हीटरातून फिरते ना. गाडीचा थोडा ताप मी घेतला." काटा रेघेच्या केसभर अलीकडे होता.

ताईंचा तिसरा नंबर आला. बक्षिसाच्या वेळी त्यांचं नाव दोनदा पुकारलं, पण मंडपात त्या नव्हत्याच. शोधत मागे गेलो. ताई उलट्या खोक्यावर बसलेल्या, बूट बाजूला, हीटरच्या झोताने पाय लालबुंद झालेले. नवरा बाह्या सरसावून समोर उकिडवा बसला होता आणि प्लास्टिकच्या कॅनमधून त्या पायांवर हळूहळू धार धरत होता.

"अहो, गाडीत टाकाचं पाणी हाय ते!" ताई ओरडत होत्या.

"पाय हालवू नको वं," तो म्हणाला आणि त्याने कॅन आणखी कलता केला.